दातांची तक्रार : नाही

सहकारनगरच्या बाळ गद्रे यांनी छाती उघडून घ्यायला दीड मिनिटात होकार दिला. तोंड उघडायला मात्र त्यांना तेवीस दिवस लागले.

गद्रे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वय सदुसष्ट, नाव अजूनही बाळ. वर्षभर त्यांना जिना चढताना दम लागत होता आणि वर्षभर ते त्याचं खापर जिन्यावर फोडत होते. मार्चमध्ये बँकेत पेन्शनच्या रांगेत ते उभ्याचे आडवे झाले तेव्हा त्यांच्या बायकोने, मंदाकिनीबाईंनी, जिन्याची बाजू घेतली आणि त्यांना थेट इस्पितळात नेलं.

तिथल्या सर्जन डॉ. वल्लरी साने यांनी पडद्यावर हृदयाचं चित्र दाखवलं. "ही झडप. चुना बसल्यासारखी कडक झालीय. नवी बसवावी लागेल."

"आणि नाही बसवली तर?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"तर पुढच्या वर्षाचं मी काही सांगू शकणार नाही."

मंदाकिनीबाईंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. गद्रे मात्र गीझर बदलायचा असावा तशा आवाजात म्हणाले, "बसवून टाका." डॉक्टर त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. (कौतुकाचा हा गद्र्यांच्या आयुष्यातला दुसरा प्रसंग. पहिला निरोपसमारंभातला, आणि तो साहेबांना वेळेत घरी जायचं असल्यामुळे आवरता घेतला होता.)

मग सुनीती सिस्टरांनी दोघांना बाजूला बसवून तयारी समजावून सांगितली. सूचनांचा एक छापील कागद दिला.

"हे बघा काका, नवी झडप म्हणजे शरीरात बाहेरून आणलेली वस्तू. अंगात कुठे जंतू असले तर ते रक्तातून जातात आणि नेमके तिच्यावर बसतात. एकदा तिथे बसले की हटता हटत नाहीत. म्हणून आधीच सांगायचं. ताप, खोकला, अंगावर फोड, लघवीला जळजळ, दात ठणकणं, काहीही. लपवायचं नाही."

"यांना लपवता काही येत नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "चेहऱ्यावर लगेच दिसतं."

सिस्टरांनी फॉर्म पुढे केला. प्रश्न चौदावा : दातांची काही तक्रार?

डावीकडची खालची शेवटची दाढ गेले आठ महिने तक्रार करत होती. गद्रे उजवीकडून जेवत होते, चहा कोमट करून पीत होते, आणि उशीखाली लवंगांची पुडी ठेवून झोपत होते. त्यांनी पेन टेकवलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "नाही."

यात फसवण्याचा हेतू नव्हता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा अनुभव असा होता की फॉर्मवर "आहे" लिहिलं की मागून पुरवणी तक्ता येतो. "नाही" लिहिलं की फाइल पुढे सरकते. आणि दुसरं कारण सांगायचं तर, दंतवैद्य. सातवीत असताना एका दंतवैद्याने गुडघा त्यांच्या छातीवर टेकवून दाढ उपटली होती. ती चांगली दाढ निघाली. "अरेच्चा," असं म्हणून त्याने शेजारची किडकीही काढली. तेव्हापासून "अरेच्चा" हा शब्द कानावर पडला तरी गद्र्यांच्या तळव्यांना घाम सुटायचा. छाती उघडताना निदान भूल देऊन झोपवतात. दंतवैद्य माणसाला जागा ठेवतो, वर गप्पा मारतो, आणि उत्तराची अपेक्षा करतो.

पण पुरवणी तक्ता आलाच. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात होतं : दंतवैद्याचे प्रमाणपत्र जोडावे.

गद्र्यांनी वाघोलीला पुष्करला फोन लावला. पुष्कर म्हणजे त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा. लहानपणी गद्र्यांच्या मांडीवर खेळलेला, आता दातांचा दवाखाना थाटून बसलेला.

"काका, एकदा येऊन दाखवून जा ना," पुष्कर म्हणाला.

"अरे, वाघोलीपर्यंत? या हृदयानं? नगर रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये मी आटोपलो तर तुझ्या सर्टिफिकेटाचं काय करू?"

"दुखत-बिखत नाही ना काही?"

"छे! परवाच ऊस खाल्ला." (ऊस खाल्ला होता, हे खरं. साल अठ्ठ्याण्णव असावं.)

पुष्करला काका खोटं बोलतील असं वाटलं नाही. त्याने सही-शिक्क्याचा कागद मोबाइलवर पाठवला. तोंडात जंतुसंसर्ग नाही. दात व हिरड्या निरोगी. गद्र्यांनी तो छापून फाइलला लावला आणि आपल्या दाढेविषयीचं हे चांगलं मत दोनदा वाचलं.

अकराव्या दिवशी सकाळी उठले तर डावा गाल सुजलेला.

गद्रे बाथरूममध्ये दहा मिनिटं आरशासमोर उभे राहिले. मग त्यांनी छापील कागद उघडला. पाचवी सूचना : ऑपरेशनपूर्वी गर्दी टाळावी, मास्क वापरावा. गद्रे मास्क लावूनच बाहेर आले.

"घरातसुद्धा?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"जंतू काय बेल वाजवून येतात का?"

सातवी सूचना : शस्त्रक्रियेच्या जागी घरी वस्तरा लावू नये, बारीक जखमांतून जंतू शिरतात. गद्र्यांनी त्या दिवसापासून दाढी करणं सोडलं.

"अहो, छातीचं लिहिलंय त्यात. गालावर कुठे ऑपरेशन आहे?"

"रिस्क कशाला घ्यायची?"

ते जेवायलाही वेगळे, खोलीत बसू लागले. मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी. नाव संसर्गाचं आणि फायदा दाढेचा. मंदाकिनीबाईंची मामेबहीण भेटायला आली तर गद्र्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. "आपण येऊ नये," मास्कमधून ते म्हणाले, "आपल्या अंगावर काय काय असेल, आपल्याला तरी काय माहीत!" ती अजून बोलत नाही.

मंदाकिनीबाई मात्र भारावल्या. ज्या माणसाने एक्केचाळीस वर्षांत ओला टॉवेल एकदाही वाळत टाकला नाही, तो आता हात धुताना वीसपर्यंत आकडे मोजत होता. "हे जगायचं मनावर घेतायत गं," त्या खराडीला नोकरीला असलेल्या मुलीला, सुरुचीला, फोनवर म्हणाल्या.

त्या रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून तक्ता भरायच्या. गद्रे त्याच्या तासभर आधी गुपचूप क्रोसिन घ्यायचे. तक्ता इतका सुंदर आला की सुनीती सिस्टरांनी तो दुसऱ्या पेशंटांना दाखवायला मागून घेतला.

गालात मात्र कुणी घण घालत असल्यासारखं व्हायचं. अंगात बारीक कणकण असायची. कधी कधी गद्र्यांना वाटायचं की आता सांगून टाकावं. पण प्रमाणपत्रावर मास्क, मास्कवर तक्ता असं इतकं काही रचलं गेलं होतं की खालचा एक कागद ओढला तर सगळं अंगावर येणार. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, ते स्वतःला म्हणायचे. एकदा झडप बदलली की मग दाढेचं बघू.

तेविसाव्या दिवशी दुपारी ते भरती झाले. काउंटरवरच्या मुलीने फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं, "बाळाचं वय?"

"सदुसष्ट," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "अजून दाढा येतायत."

त्या आपल्या सहज बोलल्या. गद्र्यांच्या पाठीतून मात्र कळ गेली.

दोन खाटांची खोली होती. खिडकीकडच्या खाटेवर लोणी काळभोरचे हिंदुराव होते. वय असेल पंचावन्न, पण हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. हाताला सलाइन. पायाशी त्यांची बायको मैनाबाई त्यांचे तळवे चोळत बसल्या होत्या. मंदाकिनीबाई फाइल जमा करायला आणि चहा प्यायला खाली गेल्या, तशी हिंदुरावांनी हाक मारली.

"साहेब, पयल्यांदाच का?"

"हो. उद्या. झडप."

"माझी दुसऱ्यांदा हाय. परवा दिशी." ते थांबले, श्वास घेतला. "दोन वर्षांमागं बसवली. लई ब्येस चालली. गुऱ्हाळावर उभा ऱ्हायचो दिसभर. मग दाढ ठणकाय लागली."

गद्र्यांचा हात नकळत मास्ककडे गेला.

"ह्यांनी सांगितलं व्हतं, दाताचं काय झालं तर पयलं आमाला दाखवा. म्या म्हटलं, दाढच हाय. दाढेनं कुटं माणूस मरतंय? तमाखू धरली दाढंखाली आन गप बसलो. पू रगतात गेला, रगतातनं झडपंवर. तीन म्हयनं ताप. अठरा किलो उतरलो. आता ती झडप सडली म्हणत्यात. काढून दुसरी घालायची."

"होईल सगळं नीट," गद्रे म्हणाले.

"डाक्टरीणबाईनी खरं काय ते सांगितलंय मला," हिंदुराव म्हणाले आणि खिडकीकडे बघू लागले. मैनाबाईंनी तळवे चोळणं थांबवलं नाही.

गद्र्यांना घाम फुटला. या वेळी तळव्यांना नाही, सगळ्या अंगाला. त्यांनी बेल दाबली. शेफाली नावाची नर्स आली.

"सिस्टर, माझ्या दाताचं जरा सांगायचं होतं."

"कवळी आहे का आजोबा? सकाळी काढून या डबीत ठेवायची."

"कवळी नाही. दात आहे."

"मग छानच की!" असं म्हणून ती डबी परत घेऊन गेली.

थोड्या वेळाने डॉ. ऋषी नावाचा तरुण रेसिडेंट डॉक्टर फाइल चाळत आला. गद्रे उठून बसले.

"डॉक्टर, मला दाढेत इन्फेक्शन आहे."

"नाही सर," ऋषी फाइल बघत म्हणाला. "डेंटल क्लिअरन्स आहे तुमचा. फिवर चार्ट पण एकदम क्लीन. टेन्शन नका घेऊ."

"ते सर्टिफिकेट खोटं आहे!"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सगळ्यांना असंच काही ना काही वाटतं, सर. मी एक गोळी लिहितो, शांत वाटेल."

"अहो, हे बघा तरी!" गद्र्यांनी मास्क खाली ओढला.

ऋषी दोन पावलं मागे सरला. "मास्क, सर! मास्क वर घ्या प्लीज! उद्या सर्जरी आहे तुमची, इन्फेक्शन होईल!" आणि बारा दिवसांच्या दाढीखालचा गाल बघण्याआधीच तो पुढच्या खोलीत गेला.

गद्रे खाटेच्या कडेवर बसून राहिले. चौतीस वर्षं त्यांनी दाराशी आलेल्या जिवंत माणसांना "कागदावर तसं दिसत नाही" असं सांगून परत पाठवलं होतं. समोरच्याला तेव्हा कसं वाटत असेल, हे त्यांना आज सहा वाजून वीस मिनिटांनी कळलं.

मंदाकिनीबाई वर आल्या. हातात थर्मासचा चहा.

"मंदा, मला तुला काही सांगायचंय."

"सांगा."

गद्र्यांनी सांगितलं नाही. मास्क काढला आणि आ केला. तेवीस दिवसांत पहिल्यांदा.

मंदाकिनीबाईंनी मोबाइलचा टॉर्च लावला. आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"केव्हापासून?"

"आठ महिने."

"आणि ही सूज?"

"बारा दिवस."

"आणि तापाचा तक्ता?"

"क्रोसिन," गद्रे जमिनीकडे बघत म्हणाले.

टॉर्च बंद झाला. मंदाकिनीबाई स्टुलावर बसल्या.

"मी रोज तुमच्या छातीवर हात ठेवून झोपत होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "श्वास चालू आहे ना, ते बघायला. मध्येच जाग आली की आधी तुमची छाती हलतेय का बघायची, मग पाणी प्यायची. आणि तुम्ही शेजारी पडून दाढ लपवत होतात."

गद्र्यांनी मास्क पुन्हा वर घेतला.

"राहू द्या तो खाली. एक्केचाळीस वर्षांत एवढं एकच काम तुम्ही नेटानं केलंत, आता जगाला दिसू दे."

मग त्या उठल्या, डोळे पुसले, पदर खोचला आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण तीन खोल्यांतले नातेवाईक बाहेर आले. "इथे पेशंटला बघणारं कुणी आहे का? की सगळे फाइललाच तपासतात?"

पंधरा मिनिटांत डॉ. वल्लरी आल्या. त्यांनी हातमोजा घालून गालाच्या आत बोट दाबलं. गद्र्यांच्या तोंडात घाण चव पसरली. डॉक्टरांनी बोट कापसाला पुसलं आणि तो कापूस गद्र्यांसमोर धरला.

"हा पू. उद्या आठ वाजता मी या रक्तात नवी झडप बसवणार होते." त्यांनी एकदा खिडकीकडच्या खाटेकडे बघितलं आणि पुढचं वाक्य गिळलं. "ऑपरेशन रद्द."

"उद्याचं?" गद्र्यांनी विचारलं.

"उद्याचं. पुढचं कधी, ते या दाढेवर आहे. तोपर्यंत तुमचं हृदय थांबेल का, मला माहीत नाही."

त्या वाक्याचे दोन अर्थ होतात हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. गद्र्यांच्या आलं. मंदाकिनीबाईंच्याही आलं, कारण त्यांनी पुन्हा पर्स दोन्ही हातांनी धरली.

सकाळी आठची वेळ हिंदुरावांना मिळाली. स्ट्रेचर दारापाशी थांबवून ते म्हणाले, "साहेब, तुमचा लंबर मला गावला बघा." आणि हसले. त्यांचे दात तंबाखूने काळे पडले होते आणि डावीकडे एक खिंड होती.

गद्र्यांना दोन दिवस शिरेतून औषधं दिली. तिसऱ्या दिवशी छातीला तारा लावून, शेजारी हृदयाचा डॉक्टर उभा करून त्यांना दंतविभागाच्या खुर्चीत बसवलं. दंतवैद्य म्हणजे नाजूकशी एक मुलगी होती. तिने इंजेक्शन दिलं. गद्र्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात सुरुचीचा निरोप घेतला, आणि गुडघ्याची वाट बघत राहिले.

"झालं, काका."

"काय झालं?"

"तीन काढले. शेजारचे दोन पण गेले होते. नऊ मिनिटं लागली."

गद्र्यांनी ट्रेमध्ये बघितलं. आठ महिने त्यांना उभं-आडवं नाचवणारी दाढ शेंगदाण्याएवढी होती.

खोलीत परत आणलं तेव्हा खिडकीकडच्या खाटेवर नवी चादर होती. मंदाकिनीबाई दारात उभ्या होत्या. गद्र्यांनी विचारलं नाही. तोंडात बोळा असल्यामुळे विचारता आलंही नसतं.

"सकाळी गेले," त्या म्हणाल्या. "झडप बसवली होती. पण रक्तातच सगळं पसरलं होतं म्हणे." थोड्या वेळाने त्या पुढे म्हणाल्या, "मैनाबाई खाली बाकावर होत्या, हिंदुरावांच्या चपला पिशवीत भरत. मला म्हणाल्या, तुमच्या मालकांनी तोंड उघडलं, बरं केलं."

गद्रे भिंतीकडे वळून झोपले. त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत, आणि बोळा हे त्याचं खरं कारण नव्हतं.

त्यानंतर एकोणीस दिवस थांबावं लागलं. आठव्या दिवशी घरी बाथरूममध्ये त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा त्यांचं डोकं मंदाकिनीबाईंच्या मांडीवर होतं आणि त्या एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने त्यांची छाती चाचपत होत्या. ॲम्ब्युलन्स स्वारगेटच्या सिग्नलला अडकली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "दुखतंय?" आणि गद्र्यांनी पहिल्याच प्रश्नाला खरं सांगितलं, "हो. आणि भीती वाटतेय." या वेळी इस्पितळातून घरी सोडलं नाही. उरलेले दिवस गद्रे प्रत्येक डॉक्टरला, विचारो न विचारो, स्वतःहून सांगत राहिले : डाव्या अंगठ्याला कुरूप आहे, काल दोनदा शिंकलो, पाठीवर मच्छर चावला आहे. डॉ. ऋषी शेवटी त्या खोलीला वळसा घालून जाऊ लागला.

ऑपरेशन पाच तास चाललं. झडप बसली. तिसऱ्या दिवशी गद्रे खुर्चीत बसले, सहाव्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालले आणि दम लागला नाही. मंदाकिनीबाई मागून चालत होत्या आणि रडत होत्या. "डोळ्यात काही गेलंय," त्या म्हणाल्या. गद्र्यांनी पुढची चौकशी केली नाही. लपवण्याचा थोडा हक्क त्यांनाही होता.

घरी सोडायच्या दिवशी डॉ. वल्लरींनी समोर बसवून सांगितलं. "झडप उत्तम बसलीय. आता एकच. तोंडातले जंतू रक्तात गेले तर काय होतं, ते तुम्ही स्वतः बघितलंय. म्हणून दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला दाखवायचं. आयुष्यभर. चुकवायचं नाही."

गद्र्यांच्या तळव्यांना घाम आला. "आणि ही झडप किती टिकते?"

"पंधरा वर्षं तरी जाईल."

"म्हणजे तीस वेळा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून छोटी वही काढून पहिली तारीख लिहूनही टाकली.

गद्र्यांनी वहीकडे बघितलं. मग खुर्ची पुढे सरकवून, मंदाकिनीबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "डॉक्टर, जरा कमी टिकणारी मिळत नव्हती का हो?"